दोन रकान्यांच्या टेबलात डेबियनच्या डिपेंडन्सी मावतात का?

तुमचा प्रश्न असा: डेबियन या लिनक्सच्या सगळ्या पॅकेजांच्या डिपेंडन्सी (कोणत्या पॅकेजला दुसरं कोणतं लागतं) एसक्यूएलाइट या डेटाबेसमध्ये ठेवायच्या आहेत, 'पॅकेज' आणि 'कशावर अवलंबून' असे दोन रकाने पुरतील का?

नाही पुरणार. हेच टेबल मी इतक्यांदा मोडताना पाहिलंय की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

बीएसडी-मेलएक्स हे मेल पाठवायचं पॅकेज घ्या. त्याच्या डिपेंड्सच्या (काय लागतं त्या) ओळीत 'डीफॉल्ट-एमटीए | मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट' असतं; उभी रेघ म्हणजे 'किंवा'. या दोन्ही नावांचं खरं पॅकेजच नाही. एक्झिम४-डेमन-लाइट हे मेल सर्व्हरचं पॅकेज ही दोन्ही नावं प्रोव्हाइड्समध्ये (आपण काय पुरवतो त्या यादीत) देतं. पोस्टफिक्स हे दुसऱ्या मेल सर्व्हरचं पॅकेजही मेल-ट्रान्सपोर्ट-एजंट देतं आणि शिवाय त्याच नावाशी कॉन्फ्लिक्ट सांगतं, म्हणजे एका मशीनवर दोन मेल सर्व्हर नांदणार नाहीत. आता दुसऱ्या रकान्यात काय लिहाल? एक्झिम लिहिलंत, तर पोस्टफिक्सवाल्या मशीनवर मेलएक्स मोडलेलं दिसेल, आणि तिकडे मेल व्यवस्थित जात असेल. दोन्ही लिहिलीत, तर 'किंवा'चं 'आणि' झालं. 'आधी खरं नाव भरून टाका, अपवाद नंतर बघू' म्हणणाऱ्यांशी माझा जुना वाद आहे तो इथेच. हा अपवाद नाहीच. डिपेंडन्सी एका नावावर असते, आणि ते नाव कोण पुरवतं हे क्वेरीच्या वेळी शोधायचं.

म्हणून तीन टेबलं करा. पहिलं पॅकेजचं: आयडी, नाव, व्हर्जन, आर्किटेक्चर. दुसरं प्रोव्हाइड्सचं: पॅकेज आयडी, नाव, व्हर्जन. यात प्रत्येक पॅकेजचं स्वतःचं नावही घाला, म्हणजे शोध एकाच ठिकाणी होतो. तिसरं डिपेंडन्सीचं: पॅकेज आयडी, प्रकार (डिपेंड्स, प्री-डिपेंड्स म्हणजे आधीच बसवलेलं लागणारं, रेकमेंड्स म्हणजे नुसती शिफारस), गट क्रमांक, गटातलं स्थान, नाव, तुलनेचं चिन्ह, व्हर्जन, आणि नावामागच्या ':एनी'सारख्या (कोणतंही आर्किटेक्चर चालेल, अशा) शेपटीसाठी एक रकाना. स्वल्पविरामाने गट बदलतो, उभ्या रेघेने स्थान. ज्या गटातलं एकही नाव प्रोव्हाइड्समध्ये सापडत नाही, तो गट तुटलेला. प्रोव्हाइड्स आणि डिपेंडन्सी, दोन्ही टेबलांत नावावर इंडेक्स हवाच.

ओळी स्वतः फोडत बसू नका. पायथन-डेबियन या लायब्ररीचं डेब८२२ मॉड्यूल रिलेशन्स (डिपेंड्ससारख्या ओळी) याद्यांच्या यादीत देतं. बाहेरची यादी म्हणजे गट, आतली म्हणजे पर्याय.

व्हर्जनची तुलना टेक्स्ट म्हणून केलीत तर १.१० हे १.९ पेक्षा लहान ठरेल. '१.०~आरसी१' ही चाचणी आवृत्ती १.० च्या आधी यायला हवी, आणि कोलनच्या आधीचा इपॉक नावाचा आकडा सगळ्यांवर भारी. पायथन-एपीटीमधलं व्हर्जन तुलनेचं फंक्शन एसक्यूएलाइटमध्ये कोलेशन (क्रम ठरवायचा नियम) म्हणून नोंदवा, पण त्याआधी एपीटीची सिस्टिम इनिशियलाइझ करा. एसक्यूएलाइटऐवजी पोस्टग्रेस डेटाबेस वापरत असाल तर डेबव्हर्जन नावाचा तयार टाइप आहे. आणखी एक खड्डा: प्रोव्हाइड्समध्ये व्हर्जन नसेल, तर ती नोंद व्हर्जन मागणाऱ्या डिपेंडन्सीला चालत नाही. तिथला रिकामा रकाना 'काहीही चालेल' असा वाचू नका.

संपूर्ण साखळी काढायला रिकर्सिव्ह (स्वतःच्याच निकालावर पुन्हा चालणारी) क्वेरी लिहाल, तेव्हा साधं युनियन वापरा, ते आधी आलेली ओळ पुन्हा घेत नाही. युनियन ऑल लावलंत तर क्वेरी थांबणार नाही, कारण एलआयबीसी६ या मूळ लायब्ररीला एलआयबीजीसीसी-एस१ लागतं आणि त्याला पुन्हा एलआयबीसी६.

मात्र 'हे सगळं एकत्र इन्स्टॉल होईल का' याचं उत्तर या क्वेऱ्या देत नाहीत. पर्याय आणि कॉन्फ्लिक्ट एकत्र आले की तो प्रश्न एनपी-कम्प्लीट (झटपट सोडवायची खात्रीची रीत माहीत नसलेला) होतो, त्यासाठी डोस-डेबचेक हे तपासणीचं साधन चालवा. आणि एकाच मशीनचं बघायचं असेल, तर डेटाबेस करूच नका: डीपीकेजी, म्हणजे पॅकेज बसवणारा प्रोग्रॅम, आपली स्टेटस फाइल साध्या टेक्स्टमध्येच ठेवतो, आणि एखादं पॅकेज का आलंय ते 'ॲप्टिट्यूड व्हाय' ही कमांड सांगते.