जानेवारीत जमा झालेल्या सुट्ट्या मे महिन्यात परत मागून राहिले, द्यायच्या का?

नागपूरच्या एका ताईंचं पत्र आहे. आयटी पार्ककडच्या एका कंपनीत दोन वर्षांपासून अकाउंट्सला आहेत, हातात येणारा नाही पण स्लिपवरचा ग्रॉस पगार ३६,००० आहे. कंपनी दरवर्षी १ जानेवारीला वर्षभराच्या २४ सुट्ट्या एकदम खात्यात टाकते. यंदा बहिणीचं लग्न आलं, मग पप्पांचं ऑपरेशन, १९ सुट्ट्या मार्चपर्यंतच संपल्या. आता पुण्याची नोकरी लागली, राजीनामा दिला, मे अखेर शेवटचा दिवस. एचआर म्हणते बारा सुट्ट्या जास्त झाल्या, २१,००० रुपये शेवटच्या पगारातून कापू, नाहीतर सिक्युरिटी चेक द्या, नाहीतर रिलीव्हिंग लेटर, म्हणजे नोकरीतून मोकळं केल्याचं पत्र, नाही, आणि वरून पोलीस कम्प्लेंटची गोष्ट. ताई विचारतात, साहेबांनी स्वतः मंजूर केलेल्या सुट्टीचे पैसे मी काहून द्यायचे?

ताई, आधी कडू गोष्ट सांगतो, काही दिवसांचे पैसे तुम्ही देणं लागता. तुम्ही पॉलिसीची पीडीएफ पाठवली ते बरं केलं, त्यात साफ लिहिलंय की सुट्टी महिन्याला दोन या हिशेबाने कमावली जाते आणि नोकरी सोडताना जास्त वापरलेली सुट्टी वसूल होईल, आणि तुम्ही पोर्टलवर ते अॅक्सेप्ट केलंय. न वाचता केलं हे मला माहीत आहे, सगळेच करतात, पण कोर्टात ते चालत नाही. साहेबांनी मंजूर केली म्हणजे त्या दिवशी न येण्याची परवानगी दिली, पगार फुकट दिला असं नाही. म्हणजे ही सुट्टी एक प्रकारे पगाराची उचलच आहे. हेच जर पॉलिसीत वसुलीचा शब्दच नसता तर माझं उत्तर वेगळं असतं, जाताना नवीन नियम काढून पैसे मागता येत नाहीत.

पण देणं लागता म्हणजे ते सांगतील तो आकडा नाही. तुमचं उत्तर सगळं या आकड्यात आहे म्हणून जरा कागद-पेन घेऊन बसा.

जानेवारी ते मे पाच महिने, दोनप्रमाणे दहा सुट्ट्या कमावल्या, वापरल्या १९, म्हणजे जास्त झाल्या नऊ. मग एचआरचे बारा कुठून आले? मधल्या दोन रविवारांना आणि धुळवडीच्या सुट्टीलाही त्यांनी सुट्टीत धरलं, सँडविच म्हणतात ते. सँडविच पॉलिसीत लिहिलेलं असेल तर वाद घालता येतो, नसेल तर विषयच संपला, आणि तुमच्या पीडीएफमध्ये मला ते कुठेच दिसलं नाही. शिवाय मार्चच्या स्लिपवर ते तीन दिवस वीकली ऑफ आणि हॉलिडे म्हणून छापलेत, आता मे महिन्यात त्यांचा रंग बदलता येत नाही. ती स्लिप जपून ठेवा, पोर्टलचा अॅक्सेस शेवटच्या दिवशी संध्याकाळी बंद होतो तेव्हा आजच सगळ्या स्लिपा डाउनलोड करून घरच्या मेलवर घ्या.

आता दर. त्यांनी सीटीसीचे, म्हणजे कंपनीच्या तुमच्यावरच्या एकूण खर्चाचे, महिन्याचे ४२,००० घेतले, त्यात कंपनीचा पीएफ आणि इन्शुरन्सही आला, आणि भागले २४ ने, म्हणजे दिवसाचे १,७५०. पण तुम्हीच लिहिलंय की मागच्या वर्षी एक दिवस बिनपगारी झाली तेव्हा १,२०० कापले होते, म्हणजे ३६,००० भागिले ३०. कापताना तीस आणि वसूल करताना चोवीस, हे कसं चालेल बाप्पा? जी फुटपट्टी तुमच्या गैरहजेरीला लावली तीच इथे लावायची. नऊ गुणिले १,२०० म्हणजे १०,८००.

अजून संपलं नाही. मार्च एंडिंगला दोन रविवार ऑफिसला बोलावलं होतं आणि त्याचा कॉम्प-ऑफ अजून मिळाला नाही असं तुम्ही पत्रात जाता जाता लिहिलंय, आणि मला विचाराल तर अख्ख्या पत्रात सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. शॉप अॅक्टप्रमाणे आठवड्याची सुट्टी बुडाली तर बदली सुट्टी द्यावी लागते. बोलावल्याचा मेल किंवा व्हॉट्सअॅप मेसेज असेल तर स्क्रीनशॉट काढा आणि ते दोन दिवस वजा करा, राहिले सात, म्हणजे ८,४००. मी तुमच्या जागी असतो तर हाच आकडा लिहून पाठवला असता.

आणखी एक मुद्दा आहे पण तो जपून वापरायचा. आपला महाराष्ट्राचा २०१७ चा दुकाने व आस्थापना कायदा, म्हणजे तोच शॉप अॅक्ट, म्हणतो की वर्षात २४० दिवस काम केलं की दर वीस दिवसांना एक भरपगारी सुट्टी पुढच्या वर्षी मिळते. तुम्ही मागच्या वर्षी समजा २६० दिवस काम केलं असेल तर १३ सुट्ट्या या वर्षीच्या जानेवारीतच तुमच्या हक्काच्या होत्या, त्याला अॅडव्हान्स म्हणताच येत नाही. हा कायदा मॅनेजर-सुपरवायझर लोकांना नाही, पण कार्डावर एक्झिक्युटिव्ह लिहिल्याने कोणी मॅनेजर होत नाही, तुम्ही दिवसभर व्हाउचर एंट्री आणि बँक रिकन्सिलिएशन करता, ते कारकुनी काम झालं. कंपनी मात्र म्हणेल की मागच्या वर्षीही आम्ही कायद्यापेक्षा जास्त, २४ दिल्याच होत्या, त्यातच हे आलं, आणि खरं सांगायचं तर त्या बोलण्यात दम आहे. म्हणून हा मुद्दा मेलमध्ये एका ओळीत टाका, भांडणाचा पाया करू नका.

पगारातून किती कापता येतं? वेतन संहिता, २०१९ ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. आधीच्या १९३६ च्या कायद्यात २४,००० पर्यंत पगाराचेच लोक यायचे, आता ती मर्यादा गेली म्हणून तुम्हीही त्यात येता. उचल आणि जास्त दिलेला पगार कापायला तिच्यात परवानगी आहे, पण कलम १८ म्हणतं की एका पगारात सगळी कपात मिळून निम्म्याच्या वर जाता कामा नये. ढोबळ धरा १८,०००, आणि पीएफ वगैरे त्यातच. म्हणजे त्यांचे २१,००० एका झटक्यात कापणं तसंही बसत नाही. कलम १७ प्रमाणे राजीनामा दिलेल्या माणसाचा पगार दोन कामाच्या दिवसांत द्यायचा असतो, पंचेचाळीस दिवसांनी फुल अँड फायनल, म्हणजे शेवटचा हिशेब, ही जुनी सवय झाली.

चेक अजिबात देऊ नका, कोरा तर नाहीच नाही. आज हे साधं हिशेबाचं भांडण आहे, चेक दिला आणि त्यांनी मनाचा आकडा टाकून तो बाऊन्स केला की तुम्ही चेक बाऊन्सच्या कलम १३८ च्या फौजदारी केसमध्ये तारखा घेत बसाल, तेही पुण्याहून नागपूरला येऊन. पोलिसांची धमकी सोडून द्या, मंजूर सुट्टी घेण्यात फसवणूक कुठून आली?

रिलीव्हिंग लेटर अडवणं हा दबाव आहे, वसुलीचा मार्ग नाही. राजीनाम्याचा मेल, तो स्वीकारल्याचं उत्तर आणि शेवटच्या दिवशीचा हँडओव्हरचा मेल नवीन कंपनीला आधीच दाखवून ठेवा, बऱ्याचदा तेवढ्यावर भागतं. पीएफला ते हात लावू शकत नाहीत, आणि त्यांनी एक्झिट डेट, म्हणजे नोकरी सोडल्याची तारीख, टाकली नाही तर शेवटच्या जमेनंतर दोन महिन्यांनी यूएएनवर, म्हणजे तुमच्या पीएफ नंबरच्या पोर्टलवर, ती तुम्हीच टाकू शकता.

तर आज रात्री एक मेल करा, फोनवर बोलू नका. सात दिवस, १,२०० दर, ८,४०० कापायला माझी हरकत नाही, जास्त कापणार असाल तर सँडविचचा नियम कुठे आहे आणि चोवीसने का भागलं ते लेखी द्या, उरलेला पगार आणि लेटर वेळेत द्या. एवढंच, आवाज न चढवता. ते १०,८०० वर अडून बसले तर २,४०० साठी भांडायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पुण्याला जायची घाई असेल तर मी सोडून द्या म्हणेन, पण २१,००० कापले तर सोडू नका. दावा करायला तीन वर्षं आहेत, कामगार आयुक्तांच्या ऑफिसात अर्ज करता येतो, आणि वकिलाच्या फीची काळजी असेल तर सिव्हिल लाईन्सच्या जिल्हा न्यायालयात विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, तिथे बाईमाणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो. जाल तर सकाळीच जा, मे महिन्यात दुपारी तिथे पोचेपर्यंतच जीव अर्धा होतो.