पेनड्राइव्हशिवाय, हार्ड डिस्कवरच्या आयएसओ फाइलवरून संगणक थेट सुरू करता येतो का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जुन्या लॅपटॉपवर उबुंटू आहे, पेनड्राइव्ह बूटच्या यादीत दिसतच नाही, डीव्हीडी ड्राइव्ह केव्हाच बंद पडलाय. मग नव्या आवृत्तीची आयएसओ (म्हणजे अख्ख्या इन्स्टॉल डीव्हीडीची एका फाइलमधली प्रत) हार्ड डिस्कवर उतरवून तिच्यावरूनच मशीन सुरू करता येईल का, आणि विंडोजची आयएसओही तशीच चालेल का?

लिनक्सची चालेल. विंडोजची तशी चालणार नाही, पण तिच्यासाठी दुसरी वाट आहे, ती शेवटी सांगते. मी एका महाविद्यालयाची संगणक लॅब सांभाळते. आमच्याकडे प्रत्येक मशीनच्या डिस्कवर दुरुस्तीसाठी एक लाइव्ह (इन्स्टॉल न करता थेट चालणारी) आयएसओ कायम ठेवलेली असते, त्यामुळे हा माझ्या रोजच्या वापरातला मामला आहे.

तुम्हाला फक्त नवी आवृत्तीच हवी असेल आणि आताचं उबुंटू नीट चालत असेल, तर आयएसओच्या भानगडीत न पडता आतूनच अपग्रेड करून घ्या. आयएसओवरून बूट करायची खरी गरज पडते ती नव्याने इन्स्टॉल करायचं असतं तेव्हा, दुसरं लिनक्स चाखून बघायचं असतं तेव्हा किंवा डिस्कवरची सिस्टिम बिघडलेली असते तेव्हा. आणि लॅपटॉप ३२ बिटचा असेल तर उबुंटूने १७.१० पासून त्यासाठी डेस्कटॉपची आयएसओ देणं बंद केलंय, हे आधीच तपासा.

आता मुख्य मुद्दा. इंटरनेटवर चार ओळींचा कोड सगळीकडे मिळतो. लोक तो चिकटवतात, चालला तर ठीक, नाही चालला तर कुठे अडलं ते कळत नाही. कारण एक गोष्ट कुणी सांगत नाही: या प्रकारात तुमची आयएसओ फाइल दोनदा शोधली जाते, दोन वेगळ्या प्रोग्रामकडून, आणि पहिल्याला सापडली म्हणून दुसऱ्याला सापडेल असं अजिबात नाही.

पहिल्यांदा शोधतो तो ग्रब, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करून देणारा छोटा प्रोग्राम. मशीन सुरू झालं की फर्मवेअर (मदरबोर्डवरचा जुना बायोस किंवा नवा यूईएफआय) ग्रबला उठवतं. ग्रबला लिनक्सची, विंडोजची अशी बहुतेक फाइल सिस्टिम वाचता येतात आणि आयएसओच्या आतलीही वाचता येते. त्याच्याकडे लूपबॅक नावाची आज्ञा आहे. ती दिली की एक साधी फाइल त्याला स्वतंत्र डिस्कसारखी दिसायला लागते. त्या डिस्कमधून तो दोनच गोष्टी उचलतो, कर्नल (सिस्टिमचा गाभा) आणि इनिटआरडी (सुरुवातीपुरती लागणारी छोटी फाइल सिस्टिम), त्या रॅममध्ये ठेवतो आणि सूत्रं कर्नलच्या हाती देतो.

त्या क्षणी ग्रब संपला. त्याने बनवलेली ती लूप डिस्कही संपली. कर्नल स्वतःचे ड्रायव्हर घेऊन येतो, त्याला हार्ड डिस्क दिसते, पार्टिशनं दिसतात, पण त्यातल्या कुठल्याशा फोल्डरमधली एक फाइल डीव्हीडी समजून वापरायची आहे हे त्याला ठाऊक नसतं. आणि उरलेली सगळी सिस्टिम तर अजून त्या फाइलमध्येच आहे! म्हणून कर्नलला निघताना पत्ता सोबत द्यावा लागतो. इनिटआरडीमधली एक छोटी स्क्रिप्ट तो पत्ता वाचते, एकेक पार्टिशन उघडून बघते, फाइल सापडली की ती माउंट करते, म्हणजे डिस्कसारखी जोडून घेते, आणि मग पुढचं बूट होतं. हा दुसरा शोध.

पत्ता सांगायची पद्धत मात्र प्रत्येकाची निराळी. उबुंटू आणि मिंटमध्ये त्याचं नाव आहे आयएसओ-स्कॅन/फाइलनेम. डेबियनच्या लाइव्ह आयएसओत फाइंडआयएसओ. आर्चमध्ये दोन भाग, इमेज कुठल्या पार्टिशनवर आहे ते आयएमजी_डेव्ह आणि फाइलचा मार्ग आयएमजी_लूप. फेडोरामध्ये उबुंटूचंच नाव चालतं, पण सोबत आयएसओचं लेबलही द्यावं लागतं. म्हणून एकाचा कोड दुसऱ्याला चिकटवून भागत नाही. आणि ज्या आयएसओच्या इनिटआरडीत अशी स्क्रिप्टच नाही, तिथे ग्रबमध्ये काहीही लिहा, दुसरा शोध होणारच नाही. डेबियनची नेटइन्स्ट ही नेहमीची इन्स्टॉलर आयएसओ यातलीच. तिच्यासाठी डेबियनने एचडी-मीडिया नावाचा वेगळा कर्नल आणि इनिटआरडी ठेवलाय, तो घ्यावा लागतो.

तुमच्यापुरतं उबुंटूचं बघू. आज्ञा मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितेय, टाइप करताना अर्थात इंग्रजी अक्षरं.

डिस्कच्या मुळाशी आयएसओ नावाचं फोल्डर करा आणि फाइल त्यात ठेवा. नाव छोटं, स्पेस नसलेलं, समजा उबुंटू.आयएसओ. होममध्ये डाउनलोड्सच्या आत ठेवली तरी चालते, पण मग मार्गात घोळ होतो: होमचं पार्टिशन वेगळं असेल तर ग्रबच्या दृष्टीने मार्ग त्या पार्टिशनच्या मुळापासून सुरू होतो, त्यात होम हा शब्द येतच नाही. यात बरेच जण अडकतात. डाउनलोड झाल्यावर शा२५६ची बेरीज (फाइलवरून काढलेला तपासणीचा आकडा) जुळवून बघा. अर्धवट उतरलेली फाइलही बऱ्याचदा बूट व्हायला सुरुवात करते आणि मध्येच कुठेतरी मान टाकते, मग दोष नको तिथे शोधत बसावं लागतं.

कुठलीही फाइल बदलायच्या आधी एकदा हाताने करून बघा, असा माझा आग्रह आहे. मशीन सुरू होताना एस्केप दाबून ग्रबचा मेन्यू आणा (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट धरून ठेवावी लागते), आणि मेन्यूत सी हे अक्षर दाबा. काळ्या पडद्यावर ग्रबचा प्रॉम्प्ट येईल. तिथे एलएस टाइप करून एंटर दाबलं की डिस्क आणि पार्टिशनांची यादी येते, (एचडी०,जीपीटी२) अशा नावांची. डिस्कची मोजणी शून्यापासून, पार्टिशनांची एकपासून. मग एलएस (एचडी०,जीपीटी२)/आयएसओ/ असं विचारा. फाइलचं नाव दिसलं तर पार्टिशन तेच. टॅब दाबलं तर ग्रब नावं स्वतः पूर्ण करतो, त्यामुळे स्पेलिंगच्या चुका तिथल्या तिथे कळतात. मग ओळीने:

सेट रूट=(एचडी०,जीपीटी२)
लूपबॅक लूप /आयएसओ/उबुंटू.आयएसओ
लिनक्स (लूप)/कॅस्पर/व्हीएमलिनझ बूट=कॅस्पर आयएसओ-स्कॅन/फाइलनेम=/आयएसओ/उबुंटू.आयएसओ
इनिटआरडी (लूप)/कॅस्पर/इनिटआरडी
बूट

तिसऱ्या ओळीत तोच मार्ग पुन्हा दिलाय बघा. दुसऱ्या शोधाचा पत्ता तो हाच. जुन्या आयएसओमध्ये इनिटआरडीच्या नावापुढे एलझेड असं शेपूट असतं, तिथेही टॅब उपयोगी पडतो.

हे चाललं की याच ओळी कायमच्या करायच्या. ईटीसीमधल्या ग्रब.डी फोल्डरात ४०_कस्टम नावाची फाइल याचसाठी असते. मेन्यूएंट्री आणि महिरपी कंस टाकून ओळी त्यात लिहा, शेवटची बूट ही ओळ तिथे लागत नाही. डिस्कचा क्रमांक लिहिण्याऐवजी सर्च या आज्ञेला फाइलचाच मार्ग देऊन रूट ठरवलं तर बरं. उद्या दुसरी डिस्क जोडली आणि क्रमांक बदलले तरी नोंद चालत राहते. फाइल सेव्ह करून सुडो अपडेट-ग्रब चालवा. एकच ऑपरेटिंग सिस्टिम असेल तर उबुंटू मेन्यू लपवून ठेवतं, तो दिसावा म्हणून ईटीसीच्या डीफॉल्ट फोल्डरमधल्या ग्रब फाइलीत टाइमआउट स्टाइल मेन्यू करा आणि पाच-दहा सेकंद द्या. हा बदल केल्यावरही अपडेट-ग्रब लागतंच.

अडलं तर कुठे अडलं यावरून कोणता शोध फसला ते लगेच कळतं. फाइल नॉट फाउंड असं ग्रबच म्हणत असेल, किंवा त्यानंतर 'यू नीड टू लोड द कर्नल फर्स्ट' येत असेल, तर पहिला शोध फसला: मार्ग किंवा पार्टिशन चुकलंय. कर्नल सुरू झाला, थोडा वेळ गेला आणि मग कंसात इनिटरॅमएफएस लिहिलेला प्रॉम्प्ट येऊन लाइव्ह फाइल सिस्टिम असलेलं माध्यम सापडत नाही असा निरोप आला, तर ग्रबचं काम चोख झालंय, दुसरा शोध फसलाय. मग तिसऱ्या ओळीतलं ते लांबलचक नाव अक्षर न् अक्षर तपासा. तेही बरोबर असेल तर फाइल अशा जागी आहे जिथे त्या छोट्या स्क्रिप्टचा हात पोचत नाही. एन्क्रिप्ट केलेलं पार्टिशन किंवा एलव्हीएम (डिस्कची जागा एकत्र करून वाटणारी लिनक्सची व्यवस्था) ही याची नेहमीची कारणं. आयएसओ साध्या, उघड्या पार्टिशनवर हलवायची. विंडोजचं एनटीएफएस चालतं. फॅट३२ वर उबुंटूची डेस्कटॉप आयएसओ मावतच नाही, कारण तिथे एका फाइलची मर्यादा ४ जीबी आणि २४.०४ ची आयएसओ ५ जीबीच्या वर.

यूईएफआय मशीनवर आणखी दोन अडथळे येतात. लूपबॅकच्या ओळीला आउट ऑफ मेमरी आलं, तर ग्रबचं टीपीएम (सुरक्षा चिप) मॉड्यूल अख्खी आयएसओ रॅममध्ये ओढायला बघतंय. लूपबॅकच्या आधी आरएमएमॉड टीपीएम अशी ओळ टाका. दुसरा अडथळा सिक्युअर बूट, म्हणजे ओळखीची सही असलेलंच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणारी फर्मवेअरची सोय. उबुंटूच्या ग्रबमधून उबुंटूची आयएसओ चालते, कारण कर्नलवर त्यांचीच सही असते. त्याच ग्रबमधून डेबियन किंवा आर्चचा कर्नल लोड करायला गेलात तर सहीवरून नकार मिळतो. त्या वेळेपुरतं सिक्युअर बूट बंद करावं लागतं.

इन्स्टॉल करणार असाल तर हे लक्षात घ्याच. लाइव्ह उबुंटू चालू असताना आयएसओ ज्या पार्टिशनवर आहे ते /आयएसओडिव्हाइस या नावाने माउंट झालेलं असतं आणि वापरात असतं. ते पार्टिशन पुसता येत नाही, छोटं-मोठंही करता येत नाही. ज्या फांदीवर बसलोय तीच ती. 'पूर्ण डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय म्हणून इथे विसरा. आयएसओसाठी १० जीबीचं वेगळं छोटं पार्टिशन आधीच काढून ठेवा आणि इन्स्टॉल करताना त्याला हात न लावता बाकीची जागा निवडा. आमच्या लॅबमध्ये सगळ्या मशीनवर हीच रचना आहे. मुख्य सिस्टिम पार बिघडली तरी ग्रब आणि ते छोटं पार्टिशन धड असलं की पाच मिनिटांत लाइव्ह डेस्कटॉप उभा राहतो आणि विद्यार्थ्यांचे प्रोजेक्ट आधी बाहेर काढता येतात. अर्थात डिस्कच मेली तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, बॅकअप बाहेर हवाच.

आता विंडोज. तिच्या आयएसओत ग्रबला थेट उचलता येईल असा कर्नल नाही, तिचा स्वतःचा बूट मॅनेजर आहे, आणि ग्रबने बनवलेली लूप डिस्क त्यालाही दिसत नाही, फर्मवेअरलाही दिसत नाही. आयएसओ-स्कॅनसारखी पत्ता सांगायची सोयही नाही. तुमच्याकडे चालू विंडोज असेल तर ८ पासून पुढे आयएसओवर डबल क्लिक केलं की ती ड्राइव्हसारखी उघडते, आतून सेटअप चालवा. एवढ्यासाठी बूटच्या खटपटीत पडू नका.

पण एका फाइलमध्ये अख्खं विंडोज ठेवून तिच्यावरून खरं मशीन सुरू करणं, हे मायक्रोसॉफ्टने २००९ साली विंडोज ७ पासूनच दिलंय, आणि मला ते फार आवडतं. फाइलचा प्रकार व्हीएचडी (व्हर्च्युअल हार्ड डिस्क), विंडोज ८ पासून व्हीएचडीएक्सही. विंडोजच्याच डिस्कपार्ट या आज्ञेने अशी फाइल बनवायची, जोडायची, फॉरमॅट करायची. आयएसओतली विंडोजची इमेज डिझ्म वापरून तिच्यात उतरवायची. आणि बीसीडीबूटने ती बूटच्या यादीत घालायची. हे व्हर्च्युअल मशीन नव्हे. सीपीयू, रॅम, ग्राफिक्स सगळं खरं, फक्त सी ड्राइव्ह एका फाइलमध्ये. विंडोज ७ मध्ये हे अल्टिमेट आणि एंटरप्राइझ आवृत्त्यांपुरतंच होतं. हायबरनेट होत नाही. ज्या पार्टिशनवर फाइल आहे तिथे बिटलॉकर (विंडोजचं एन्क्रिप्शन) चालत नाही. आणि वाढत जाणारी फाइल बनवली असेल तर बूट होताना ती तिच्या कमाल आकाराएवढी फुगते. ६० जीबीची ठरवलीत आणि डिस्कवर ४० च मोकळे असतील तर विंडोज सुरू न होता निळा पडदा येतो.

लॅबसाठी यातला सर्वात कामाचा भाग म्हणजे मूळ फाइलला जोडून केलेली डिफरन्सिंग फाइल. सगळे बदल या दुसऱ्या फाइलीत लिहिले जातात, मूळ फाइल जशीच्या तशी राहते. सत्र संपलं की दुसरी फाइल टाकून द्यायची, नवी बनवायची, आणि विंडोज पहिल्या दिवसासारखं. मूळ फाइलमध्ये मात्र मधूनच काही बदलायचं नाही, नाहीतर दुसरी निकामी होते.

असंच काहीसं उबुंटूने २००८ च्या ८.०४ पासून वुबी या नावाने दिलं होतं: विंडोजच्या सी ड्राइव्हवर रूट.डिस्क नावाची एक फाइल आणि तिच्यात अख्खं उबुंटू. १३.०४ पासून ते बंद झालं. जुन्या लेखांत अजून त्याची शिफारस दिसते, तिच्या मागे लागू नका. एनटीएफएसच्या आत एका फाइलमध्ये चालती लिनक्स सिस्टिम असली आणि अचानक वीज गेली, तर दोन्ही फाइल सिस्टिम एकदम अडचणीत येतात. आपल्याकडे हा धोका कागदावरचा नाही. लाइव्ह आयएसओला ही भीती नसते, कारण ती फक्त वाचली जाते.

आधी ग्रबच्या प्रॉम्प्टवर हाताने करून बघा. अडलात तर इथेच खाली लिहा: आयएसओ कोणती, ती कुठल्या प्रकारच्या पार्टिशनवर आहे, आणि पडद्यावर शेवटची ओळ काय आली.