राक्षसाचा मुखवटा मातीत घडवायला शिकायचं तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही विचारलंय की चित्रकला जेमतेम येते, कलाशाळेत कधी गेलेलो नाही, पण राक्षसांचे-भुतांचे मुखवटे मातीत घडवायला शिकायचे आहेत. माती कुठली घ्यावी, हत्यारं काय लागतात आणि पहिला मुखवटा कशाचा करावा?

मी सिंधुदुर्गातला, कुडाळच्या जवळचा. आमच्याकडे गणपतीच्या कारखान्याला 'शाळा' म्हणतात आणि माझं सगळं मातीकाम त्या शाळेत झालं. गणपती गेले की उरलेली शाडू भिजत घालायची आणि नरकासुराच्या तोंडाला लागायचं. गोव्यात आणि आमच्या तळकोकणात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराचे मोठाले पुतळे उभे करतात, मिरवतात आणि पहाटे जाळतात. गेली १४ वर्षं आमच्या वाडीच्या नरकासुराचं तोंड मी करतोय. दशावतारी मंडळींना लागणारे काही मुखवटेही केले आहेत. त्या अनुभवावरून सांगतो.

पहिल्या वर्षी मी शिंगांपासून सुरुवात केली होती. वीतभर लांब शिंगं, ओठांबाहेर आलेले सुळे, लोंबणारी जीभ. दोन दिवस त्यात गेले. शाळेचे मालक अण्णा मागे येऊन उभे राहिले, बराच वेळ बघत होते. मग एवढंच म्हणाले, "शिंगां काढून बघ. राग ऱ्हवता काय?"

मी शिंगं उपटली, सुळे काढले, जीभ काढली. खाली जो चेहरा उरला त्यात राग नव्हता, काहीच नव्हतं. सपाट गाल, मातीवर ओरखडून काढलेल्या भुवया आणि पृष्ठभागावर चिकटवलेले दोन गोल डोळे. त्या दिवसापासून मी शिंगं सगळ्यात शेवटी करतो, आणि तुम्हालाही कळकळीनं हेच सांगेन. भीती हाडांत असते. कवटी, जबडा, भुवईचं हाड आणि गालाचं हाड नीट बसलं तर बिनशिंगाचा, बिनसुळ्याचा चेहराही अंगावर येतो.

म्हणून पहिला महिना राक्षस करूच नका. माणूस करा. मुठीएवढे चेहरे करा, एकेक तासाभरात, आणि झाला की मोडून माती परत बादलीत टाका. जपून ठेवायचा नाही हे आधीच ठरवलं की हात मोकळा चालतो. असे दहा-बारा झाले की प्रमाण हाताला बसतं. डोक्याचा माथा ते हनुवटी हे अंतर धरलं तर डोळे बरोबर मध्यावर येतात. नवीन माणूस ते हमखास वर करतो, कारण कपाळावरचे केस आणि माथा तो मोजतच नाही. दोन डोळ्यांच्या मध्ये एका डोळ्याएवढी जागा. कान भुवईपासून नाकाच्या बुडापर्यंत. हे कळल्यावर मग प्रमाण मोडायचं, आणि जाणून मोडायचं. डोळे खाली सरकवून कपाळ वाढवलं की चेहरा लहान मुलासारखा होतो. डोळे वर नेऊन जबडा वाढवला की जनावर जागं होतं.

डोळा कधी वरून चिकटवू नका. आधी खोबण कोरा, तीत मातीची गोळी बसवा आणि त्या गोळीवरून पापण्यांच्या पट्ट्या ओढून घ्या. खऱ्या डोळ्याचा गोळा सुमारे २४ मिलिमीटर व्यासाचा असतो, त्यातला बराचसा आत दडलेला असतो. राक्षसाचा डोळा वटारलेला हवा म्हणून गोळी मोठी करा, पुढे आणा, पण ती खोबणीतून पुढे आलेली दिसली पाहिजे.

आता राग. त्यासाठी आरसा लागतो, दुसरं काही नाही. दात विचकून उभे राहा आणि बघा. भुवयांची आतली टोकं खाली येतात, त्यांच्यामध्ये दोन उभ्या आठ्या पडतात. नाकपुड्या फुगून वर चढतात, त्यामुळे नाकाच्या बाजूनं ओठाच्या कोपऱ्याकडे जाणारी घडी खोल होते. वरचा ओठ चौकोनी होतो. आणि खालची पापणी ताणली जाते. ही खालची पापणी बहुतेक जण विसरतात. ती सैल ठेवली तर डोळे कितीही मोठे करा, राक्षस दचकल्यासारखा दिसतो. मी अजूनही प्रत्येक नरकासुराच्या वेळी डाव्या हातानं स्वतःची पापणी चाचपत उजव्या हातानं मातीची पापणी दाबतो.

माणसाचा राग जमला की प्राण्यांकडे वळा. आमच्याकडे त्यासाठी मासळीबाजारासारखी दुसरी जागा नाही. वाम माशाचा जबडा एकदा जवळून बघा, दात कसे आत वळलेले असतात ते. मोरीचं, म्हणजे शार्क माशाचं, तोंड खालच्या बाजूला असतं, त्यामुळे वरून बघताना ती शांत दिसते आणि उलटी केली की अंगावर शहारा येतो. वटवाघळाचं नाक, रेड्याचं कपाळ, घोरपडीच्या मानेची सुरकुतलेली कातडी, हे सगळं मी वहीत काढून ठेवलंय. चित्रं चांगली नाहीत, पण काढताना बघणं होतं. चित्रकला जेमतेम आहे म्हणून तुम्ही अडून राहू नका.

माती शाडूच घ्या. स्वस्त आहे, हाताला मऊ आहे, पुन्हापुन्हा वापरता येते, आणि मुखवट्याच्या कामात ती भाजायची नसते. घट्ट कणकेसारखी मळून घ्या. भरीव गोळ्यावर काम करू नका, जड होतं आणि तडकतं. पाटावर चुरगळलेल्या वर्तमानपत्रांचा गोळा सुतळीनं आवळून बांधा, त्यावर प्लास्टिक गुंडाळा आणि वर तीन-चार सेंटिमीटर माती चढवा. पूर्ण चेहऱ्याला पाच-सहा किलो पुरते. रात्री ओलं फडकं आणि त्यावर प्लास्टिक, म्हणजे आठवडाभर काम चालू ठेवता येतं. एक सवय मात्र सुरुवातीलाच मोडा, सारखी बोटं पाण्यात बुडवायची. त्यानं पृष्ठभाग गुळगुळीत होतो, पण हाडांच्या कडा धुऊन जातात आणि चेहरा साबणाच्या वडीसारखा दिसायला लागतो. तेलातली माती, म्हणजे प्लॅस्टिसिन, वाळत नाही आणि बारीक सुरकुत्या छान धरते, पण महाग पडते. शिवाय काहींत गंधक असतं, पुढे कधी सिलिकॉनचा साचा घ्यायचा झाला तर गंधकामुळे काही सिलिकॉन नीट धरतच नाही.

हत्यारांवर पैसे घालवू नका. बांबूच्या दोन पट्ट्या (एक टोकदार, एक पसरट), तारेची एक कोरणी, जुना टूथब्रश आणि पाण्याचा फवारा एवढ्यावर मी कितीतरी वर्षं काढली. तारेची कोरणी घरीच होते: जुन्या ब्रशच्या दांड्याला गिटारची तार वळवून दोऱ्यानं घट्ट बांधायची. कातडीची छिद्रं आणि बारीक रेषा करायच्या तर मातीवर पातळ प्लास्टिक पसरून वरून कोरा, रेषेच्या कडा आपोआप मऊ येतात. पण हे काम शेवटचं. आकार पक्का व्हायच्या आधी सुरकुत्या काढत बसलात तर त्या मोडायचं धाडस होत नाही आणि चुकीचा आकार तसाच राहतो.

आता उजेडाबद्दल, कारण हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझी तीन वर्षं वाचली असती. नरकासुराचं तोंड जमिनीपासून पंधरा-वीस फुटांवर असतं, रात्री बघायचं असतं आणि दिवे खालून मारलेले असतात. मी मात्र शाळेत ट्यूबलाइटखाली, डोळ्यांच्या रेषेत ठेवून काम करायचो. तिथे ते भयंकर दिसायचं आणि चौकात उभं केलं की निवळायचं. एका रात्री अण्णांनी ट्यूब बंद केली, बॅटरी घेतली आणि हनुवटीखालून उजेड मारला. भुवईखालची काळी सावली, जिच्यावर सगळा राग उभा होता, ती क्षणात नाहीशी झाली. भुवईचा खालचा भागच उजळून निघाला होता. चेहरा हसरा वाटत होता.

त्यावर उपाय असा आहे. खालून उजेड येणार असेल तर सावली वरच्या बाजूला पडते, म्हणून सावली पाडणारे उंचवटे डोळ्यांच्या खाली हवेत. गालाचं हाड पुढे काढायचं, खालच्या पापणीला जाड कड द्यायची, नाकपुड्यांचे पंख बाहेर फेकायचे. भुवयांमधल्या दोन उभ्या आठ्या बोटाचं पेर बुडेल इतक्या खोल करायच्या, त्या कुठल्याही उजेडात काळ्याच राहतात. आणि सगळा चेहरा थोडा खाली वाकवून बसवायचा. जपानच्या नोह नाटकातला 'हान्या' मुखवटा याबाबतीत बघण्यासारखा आहे. ती मत्सरानं राक्षसी झालेली बाई. समोरून बघितलं तर संतापलेली, आणि नटानं मान थोडी खाली घातली की तोच मुखवटा रडवेला दिसतो. मुखवटा हलत नाही, फक्त उजेडाचा आणि बघण्याचा कोन बदलतो. तुमचा मुखवटा कुणी घालणार आहे की भिंतीवर टांगणार आहे, दिवा कुठून येणार आहे, हे पहिल्या दिवशीच ठरवा.

मातीवरून मुखवटा उतरवायची सगळ्यात सोपी पद्धत कागदाची. मातीवर पहिला थर फक्त पाण्यात भिजवलेल्या कागदाचा, त्याला खळ लावायची नाही, म्हणजे माती चिकटत नाही. त्यावर खळ लावलेले सात-आठ थर. कागद कात्रीनं कापू नका, फाडा, फाटलेल्या कडा एकमेकांत मिसळून जातात. एक थर वर्तमानपत्राचा, एक खाकी कागदाचा घेतला की कुठे राहिलं ते रंगावरून कळतं. खळ मैद्याची चालते, पण मला चिंचोक्याची आवडते. सावंतवाडीच्या गंजिफांनाही (हातानं रंगवलेले खेळायचे पत्ते) चिंचोक्याचीच खळ लागते, आणि वाळल्यावर ती दगडासारखी होते. कीड लागू नये म्हणून खळीत मोरचूद घालतात. तो विषारी आहे, तोंडावर घालायच्या मुखवट्याला घालू नका, तुरटी घाला. पूर्ण वाळल्यावर मागून माती कोरून काढायची.

बारकावे जसेच्या तसे हवे असतील तर प्लास्टरचा साचा घ्या आणि आतून कागद किंवा रबराचं लॅटेक्स भरा. प्लास्टर नेहमी पाण्यात टाकायचं, पाणी प्लास्टरमध्ये नाही. पहिला पातळ थर ब्रशनं, म्हणजे बुडबुडे राहत नाहीत, मग काथ्या बुडवून जाड थर. धरताना ते चांगलंच तापतं, त्यात हात घालून बसू नका आणि उरलेलं मोरीत ओतू नका. माझा एक साचा सुळ्यांमुळे वाया गेलाय: सुळे आत वळलेले होते, त्यांच्यामागे प्लास्टर शिरलं आणि अडकलं. काढताना साचा दोन जागी फुटला. तेव्हापासून सुळे, शिंगं, कान वेगळे करतो आणि शेवटी जोडतो.

घालायचा मुखवटा असेल तर राक्षसाच्या बुबुळांना भोकं पाडू नका, डोळा मरतो. माणसाच्या दोन बुबुळांमधलं अंतर सहा-साडेसहा सेंटिमीटर असतं, राक्षसाचे डोळे त्यापेक्षा लांब असू शकतात. घालणाऱ्यासाठी खालच्या पापणीच्या सावलीत फट ठेवा. बाहेरून ती दिसत नाही.

जमलं तर दोन ठिकाणी जाऊन या. उन्हाळ्यात जव्हार-मोखाड्याकडचा बोहाडा बघा, तिथे देवांचे आणि राक्षसांचे मुखवटे घालून रात्रभर नाचतात, आणि हलता मुखवटा कसा जिवंत होतो ते कळतं. दुसरं ठिकाण लांब आहे, आसामात माजुलीचं सामागुरी सत्र, म्हणजे तिथला वैष्णव मठ. तिथे माती मुखवट्याच्या अंगातच असते: बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, त्यावर मातीत बुडवलेलं कापड, मग माती आणि शेणाचा लेप. पूतना, रावण असे मुखवटे तिथे होतात, काहींचे जबडे हलतात. तिथले हेमचंद्र गोस्वामी यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली आणि २०२४ साली माजुलीच्या मुखवट्यांना भौगोलिक मानांकन मिळालं. मातीचा लेप ओला असताना ते बांबूच्या पट्टीनं गालाचा उतार ज्या तऱ्हेनं काढतात ते बघून आल्यावर मी माझ्या पट्टीचं टोक बदललं.

पहिला मुखवटा कशाचा करावा, हा तुमचा शेवटचा प्रश्न. स्वतःचा करा, रागावलेला. शिंगं नाहीत, सुळे नाहीत, रंग नाही. झाला की दोन फोटो काढून इथे खाली टाका, एक समोरून आणि एक अंधारात हनुवटीखालून बॅटरी मारून. दुसरा बघून कुठे माती चढवायची ते मी सांगेन.