रांग आराखड्यात दिसत नाही

आमच्या पतसंस्थेत रोज साधारण १६ कर्ज-अर्ज येतात. छाननीला एका अर्जामागे २० मिनिटे, म्हणजे आठ तासांच्या दिवसात जेमतेम ३२० मिनिटांचे काम. प्रक्रियेचा आराखडाही नीट काढला आहे. तरी मंजुरीला १२ दिवस का लागतात? सिम्युलेशनने, म्हणजे संगणकावर कामाची नक्कल चालवून, काय वेगळे कळणार? (सांगली)

आराखड्यात काम दिसते, थांबणे दिसत नाही. तुमच्या हिशेबात परत आलेल्या फाइली कुठे आहेत? समजा १०० पैकी ३० फाइलींत दर वेळी त्रुटी निघते आणि त्या दुरुस्त होऊन पुन्हा छाननीला येतात. मग १६ अर्जांच्या छाननीच्या फेऱ्या होतात जवळपास २३, आणि ३२० मिनिटांची होतात ४५७. छाननी अधिकारी ९५ टक्के वेळ गुंतलेला!

कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीतल्या एरलांग यांनी १९०९ साली ज्या रांगांच्या गणिताची सुरुवात केली, ते इथे लागू पडते. अर्ज अवचित येत असतील आणि प्रत्येकाला लागणारा वेळ बराच कमी-जास्त असेल, तर ८० टक्के गुंतलेल्या टेबलापुढे फाइल सरासरी ८० मिनिटे पडून राहते, ९० टक्क्यांना १८० मिनिटे आणि ९५ ला सहा तासांहून जास्त. टेबल एकच असेल तर हे सूत्राने निघते. पण जोडीला रजा, जेवणाची सुट्टी, आठवड्यातून एकदाच बसणारी कर्ज समिती आली की सूत्र हात टेकते. सिम्युलेशनची गरज तिथे लागते.

आमच्याकडे वेळेच्या नोंदी फक्त सॉफ्टवेअरमध्ये आहेत. त्या वापरू का? (ठाणे, विमा दावे विभाग)

वापरा, पण जरा संशयाने. ‘फाइल उघडली’ आणि ‘फाइल बंद केली’ यांच्यामधला वेळ म्हणजे कामाचा वेळ नव्हे. त्यात फोन आणि दुसऱ्याच फाइली मिसळलेल्या असतात. संध्याकाळी पाचच्या सुमारास एकदम वीस दावे ‘पूर्ण’ झालेले दिसले, तर कोणीतरी दिवसभराच्या नोंदी एका बैठकीत उरकल्या आहेत असे समजा. दोन-तीन दिवस टेबलाशेजारी बसून मोजणे बरे. तेही जमत नसेल तर काम करणाऱ्यालाच कमीत कमी, नेहमीचा आणि जास्तीत जास्त वेळ विचारा. नुसती सरासरी मॉडेलमध्ये घातली तर रांग खऱ्यापेक्षा छोटी दिसेल.

कोणते सॉफ्टवेअर घ्यावे? आणि मॉडेल बरोबर आहे हे कसे ओळखायचे? (पुणे, विद्यार्थिनी)

पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा येत असेल तर तिच्यातले सिम्युलेशनचे साधन सिमपाय फुकट आहे. बीपीएमएन (प्रक्रिया रेखाटण्याची प्रमाणित चिन्हपद्धत) आराखडा तयार असेल तर एस्टोनियातल्या तार्तू विद्यापीठाचे बिंप हे सिम्युलेशनचे साधन पाहा. हलणारी चित्रे दाखवणाऱ्या महागड्या पॅकेजच्या नादी सुरुवातीला तरी लागू नका. ती साहेबांना आवडतात एवढेच.

बदल करून पाहण्याआधी मॉडेलने आजची परिस्थिती दाखवली पाहिजे. लिटलचा नियम इथे कामी येतो: रोज येणारे अर्ज गुणिले प्रत्येकाला लागणारे दिवस म्हणजे सरासरी अडकलेल्या फाइली. रोज १६ अर्ज आणि प्रत्येकाला १२ दिवस, म्हणजे सरासरी १९२ फाइली कुठे ना कुठे अडकलेल्या असणार. कपाटे उघडा आणि मोजा. तिथे ३०० निघाल्या तर एकतर १२ दिवस हा आकडा चुकीचा, नाहीतर मेलेले अर्ज कोणी काढून टाकलेले नाहीत. शिवाय मॉडेल रिकाम्या ऑफिसपासून सुरू होते, म्हणून पहिले काही आठवडे निकालातून वगळा आणि एकाच धावेवर विसंबू नका. वेगवेगळ्या यादृच्छिक आकड्यांनी तीसेक वेळा चालवा, निकालांचा पल्ला बघा.

(सांगलीच्याच वाचकांकडून) आणखी एक छाननी अधिकारी नेमावा, असे संचालक म्हणतात. योग्य आहे का?

आधी दुसरा पर्याय चालवून पाहा: अर्ज घेतानाच काउंटरवर कागद तपासायचे. परत जाणाऱ्या फाइली ३० वरून १० टक्क्यांवर आल्या तर अधिकारी ७४ टक्केच गुंतलेला राहील आणि दर फेरीचे थांबणे तासाभराच्या आत येईल, तेही नव्या पगाराशिवाय. मात्र काउंटरवर वाढणारी पाच-सात मिनिटे मॉडेलमध्ये घालायला विसरू नका, नाहीतर रांग तिकडे सरकेल. आणि समिती आठवड्यातून एकदाच बसत असेल, तर तयार फाइल तिच्या दारात सरासरी साडेतीन दिवस थांबणारच, छाननीला कितीही माणसे नेमा. बैठक आठवड्यातून दोनदा घेऊन काय होते, तेही संचालकांना त्याच मॉडेलवर दाखवा.