तुमचे प्रश्न: फोनमधलं रेकॉर्डिंग, कन्व्हर्जन आणि काटछाट

या वेळी ऑडिओवरचे प्रश्न मागवले होते, ढीगभर आले. बरेचसे एकसारखेच होते म्हणून एकत्र केलेत. ज्यांना नाव नको होतं त्यांचं फक्त गाव दिलंय, मग म्हटलं सगळ्यांचंच तसं करू.

ताई, आजीने जात्यावर म्हटलेल्या ओव्या मी माझ्या जुन्या नोकियावर रेकॉर्ड केल्या होत्या. आजी आता नाही. फाइल्स डॉट एएमआर आहेत, नवीन फोनवर काही वाजतात, काही नाही. एका अ‍ॅपने ३२० केबीपीएसच्या एमपीथ्री करून घेतल्या तरी आवाज फोनवर बोलल्यासारखाच येतो. कोणतं कन्व्हर्टर वापरलं तर क्लिअर होईल? – पारनेर

कोणतंच नाही. सॉरी, पण आधी हेच सांगायला हवं, नाहीतर तुम्ही एकामागून एक अ‍ॅप टाकत बसाल आणि प्रत्येक अ‍ॅप "एचडी क्वालिटी" लिहून जाहिराती दाखवत राहील. एएमआर हा मुळात मोबाइलवरच्या बोलण्यासाठी १९९९ साली ठरलेला प्रकार. तो सेकंदाला ८००० नमुने घेतो, त्यामुळे ४००० हर्ट्झच्या वरचं त्यात काही राहतच नाही, प्रत्यक्षात तर साधारण ३४०० लाच कापलं जातं. आपला स, श, फ यांचा जो सळसळणारा भाग असतो तो बराचसा त्याच्या वर असतो, म्हणून फोनवर स आणि फ मध्ये घोळ होतो बघा, तेच इथे झालंय. शिवाय हा प्रकार माणसाचा घसा कसा आवाज काढतो याचा अंदाज धरून डेटा वाचवतो. म्हणजे आजीचं बोलणं त्याला बरं जमतं, पण जात्याची घरघर त्याला कळत नाही, ती पाण्यात गुळण्या केल्यासारखी येते. तुमच्या फाइलमध्ये तसंच येत असणार.

आता ३२० चं. केबीपीएस म्हणजे सेकंदाला किती डेटा वापरायचा तो आकडा, बिटरेट म्हणतात तो. एएमआर जास्तीत जास्त १२.२ केबीपीएस. तुम्ही तेच दाणे पंचवीसपट मोठ्या पोत्यात भरले, दाणे वाढले नाहीत. उलट एमपीथ्री करताना अजून थोडं गळतंच.

मग करायचं काय, तर पहिलं काम कन्व्हर्ट नाहीच. मूळ एएमआर फाइल्स जशाच्या तशा दोन ठिकाणी कॉपी करा, एक कॉम्प्युटरवर, एक ड्राइव्हवर किंवा पेन ड्राइव्हवर. जुनं मेमरी कार्ड असेल तर ते कार्ड रीडरने आजच उतरवून घ्या, ती कार्डं कधी बसतील नेम नाही. मिनिटाला नव्वद-ब्याण्णव केबी एवढीशी फाइल, जागेचा प्रश्नच नाही. आणि एमपीथ्री झाली म्हणून एएमआर डिलीट करायची नाही, हे मी दर वेळी सांगते आणि दर वेळी कुणीतरी केलेलं असतं.

मग कॉम्प्युटरवर ऑडॅसिटी टाका, आवाज कापायचं-जोडायचं सॉफ्टवेअर, फुकट आहे. ती एएमआर आपली आपण उघडत नाही, तिला एफएफएमपेग नावाची लायब्ररी वेगळी द्यावी लागते, प्रेफरन्सेसमध्ये लायब्ररीज म्हणून जागा आहे तिथे ती सापडली की नाही ते दिसतं. फाइल उघडली की लगेच वेव्ह (डॉट डब्ल्यूएव्ही, यात काही गळत नाही) म्हणून सेव्ह करा. ८००० च्या मोनो वेव्हला मिनिटाला जेमतेम एक एमबी लागतो, त्यामुळे तिथे कंजूषी नको. इथून पुढची सगळी कापाकापी या वेव्हवर करायची, आणि वाटायला शेवटी एकदाच एमपीथ्री. एमपीथ्री उघडून कापली, परत एमपीथ्री, परत उघडली, परत एमपीथ्री, असं केलं की प्रत्येक फेरीत थोडं थोडं जातं.

आवाज सुधारायचाच असेल तर इक्वलायझरमध्ये २००० ते ३००० हर्ट्झचा भाग दोन-तीन डेसिबलने उचलून बघा, शब्द जरा पुढे येतात. त्याच्या वरचा ट्रेबल कितीही वाढवा, तिथे वाढवायला काही नाहीच. आणि जात्याचा आवाज काढायच्या भानगडीत पडू नका. एक तर तो नीट निघणार नाही, आणि माझं विचाराल तर ओवी त्या घरघरीवरच बसलेली असते, तिची लय तीच आहे.

अजून एक, ऐकता ऐकता प्रत्येक ओवी सुरू होते तिथे कंट्रोल बी दाबून लेबल टाका, ओवीची पहिली ओळ टाइप करा. नंतर एक्स्पोर्ट करताना लेबलप्रमाणे वेगवेगळ्या फाइल्स आपोआप पडतात. सोबत एका साध्या वहीत किंवा टेक्स्ट फाइलमध्ये आजीचं पूर्ण नाव, माहेर, सासर, रेकॉर्डिंगचं साल, कुठे बसून म्हटलं ते लिहा. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्यातल्या बऱ्याच आता पारीच्या (पीपल्स अर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) साइटवर ऐकायला मिळतात, तिथे बघा, गाणारीचं नाव, गाव, तालुका सगळं सोबत दिलेलं असतं. तुमच्या आजीच्या ओव्यांना पण ते हवं, नाहीतर तुमच्या मुलांना "ही कोण म्हणतेय" हेच कळणार नाही.

आमच्या बाई रिटायर होतायत. जुन्या विद्यार्थ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस नोट्स पाठवल्यात, त्या सगळ्या जोडून एकच फाइल करायचीय, समारंभात वाजवायला. फाइल्स डॉट ओपस आहेत, नाव बदलून डॉट एमपीथ्री केलं तर वाजतच नाहीत. – सांगली

नाव बदलून फाइल बदलत नाही हो, पाटी बदलते फक्त. आत ओपसच राहतं. ओपस चांगला आहे तसा, २०१२ पासूनचा स्टँडर्ड, कमी डेटात बोलणं फार छान ठेवतो, पण हॉलवाल्याचा मिक्सर किंवा पेन ड्राइव्हचा प्लेअर ते ओळखेलच असं नाही, म्हणून समारंभासाठी एमपीथ्रीच करा.

अँड्रॉइडवर त्या नोट्स अँड्रॉइड, मीडिया, मग व्हॉट्सअ‍ॅपच्या फोल्डरमध्ये व्हॉइस नोट्स म्हणून असतात, आत आठवड्यागणिक फोल्डर. फाइलच्या नावात पीटीटी, मग तारीख, मग नंबर, त्यामुळे कोणती कधीची ते कळतं, पण कुणाची ते कळत नाही. म्हणून आधी एकेक ऐकून नावं बदला, ०१ अमुक, ०२ तमुक असं, नाहीतर समारंभात २००५ च्या बॅचनंतर एकदम १९८८ ची बॅच येईल. (तशी आली तरी बाई खूश होतील म्हणा.)

सगळ्या ऑडॅसिटीत ओढा, प्रत्येकीची वेगळी पट्टी येईल. कुणी कुजबुजलंय, कुणी रिक्षातून ओरडलंय, तर एकेक पट्टी निवडून लाउडनेस नॉर्मलायझेशन -१६ ला लावा म्हणजे सगळ्यांचे आवाज जवळपास सारखे होतील. मग सगळं सिलेक्ट करून ट्रॅक्सच्या मेनूत अलाइन एंड टू एंड आहे, ते केलं की एकामागे एक लागतात. मध्ये एकेक सेकंद मोकळा सोडा, टाळ्यांना जागा लागते. एक्स्पोर्ट मोनो, ९६ किंवा १२८, झालं. आदल्या दिवशी हॉलच्या स्पीकरवर एकदा लावून बघा, मोबाइलवर गोड लागणारं तिथे कधीकधी नुसतं घुमतं.

कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी एका शेतकरी काकांची मुलाखत फोनवर घेतली. मागे पंख्याचा आवाज, मध्येच ट्रॅक्टर, कुत्री. पंखा काढला तर काका रोबोटसारखे बोलतात. काय चुकतंय? – निफाड

चुकत काही नाही, जास्त होतंय. ऑडॅसिटीतलं नॉइज रिडक्शन कसं चालतं ते समजलं की हात आवरता येतो. तुम्ही त्याला नुसत्या पंख्याचा दोन-तीन सेकंदांचा तुकडा दाखवता, कुणी बोलत नसतानाचा, ते त्यातून कुठल्या पट्टीत (म्हणजे किती हर्ट्झच्या आसपास) किती गोंगाट आहे ते शिकतं आणि मग सगळ्या फाइलभर तेवढ्या पातळीच्या खालचं दाबत जातं. काकांचा आवाजही त्याच पट्ट्यांत आहे, त्यामुळे त्यांच्या शब्दांचे शेपूट, श्वास, हळू बोललेलं, हे पण दाबलं जातं. तोच तुमचा रोबोट.

तर असं करा. तो नुसत्या पंख्याचा तुकडा निवडून गेट नॉइज प्रोफाइल, मग सगळी फाइल निवडून परत तोच इफेक्ट, पण रिडक्शन ६ वर ठेवा, फार तर १२. लोक थेट २४ ला नेतात. आणि त्या खिडकीत खाली रेसिड्यू म्हणून एक पर्याय आहे जो कुणी बघतच नाही. तो निवडून प्रिव्ह्यू दाबा, म्हणजे जे काढून टाकलं जाणार आहे तेवढंच ऐकू येईल. नुसता पंखा ऐकू आला तर बरोबर. त्यात काकांचे शब्द कळायला लागले, "पाऊस", "कांदा" असं काही ओळखू आलं, की समजायचं तुम्ही काकांनाच कापताय, आकडा खाली आणा. बघून झालं की परत रिड्यूसवर क्लिक करायला विसरू नका, नाहीतर सेव्ह होईल नुसता पंखा.

त्याआधी ८० हर्ट्झचा हाय पास फिल्टर लावला तर खालची घुमघुम वेगळीच निघून जाते, माणसाच्या आवाजाला धक्का न लागता. ट्रॅक्टर आणि कुत्र्यांना मात्र हे औषध नाही, कारण ते सतत एकसारखे नसतात. दोन वाक्यांच्या मध्ये असतील तर तेवढा तुकडा हळू करा, शब्दावरच असतील तर राहू द्या, शेतात घेतलेल्या मुलाखतीत ट्रॅक्टर असणार नाहीतर काय असणार.

पुढच्या वेळी मात्र पंखा पाच मिनिटं बंद करायला सांगा, काका नाही म्हणत नाहीत. फोन फ्लाइट मोडवर, टेबलावर ठेवला तर खाली घडी केलेला टॉवेल, आणि बोलणाऱ्यापासून हातभर अंतर. सुरुवातीला दहा सेकंद गप्प बसून नुसती खोली रेकॉर्ड करा, तो तुकडा नंतर प्रोफाइलला सोन्यासारखा उपयोगी पडतो.

आयफोनच्या व्हॉइस मेमोजमध्ये मधला खोकला काढायला गेले तर खोकला राहिला आणि बाकी भजन गेलं! – डोंबिवली

तुम्ही पिवळ्या चौकटीत खोकला धरून ट्रिम दाबलंत. तिथे ट्रिम म्हणजे चौकटीतलं ठेवा, बाकी टाका. तुम्हाला हवं होतं डिलीट, ते चौकटीतलं काढतं. सेव्ह केलं नसेल तर अनडू करा, केलं असेल तर त्या फाइलमध्ये ते परत येणार नाही, मैत्रिणींपैकी कुणाला आधी पाठवलं होतं का बघा. यापुढे एडिटच्या आधी मेनूतून डुप्लिकेट. आणि भजनासाठी सेटिंग्जमध्ये व्हॉइस मेमोजची ऑडिओ क्वालिटी लॉसलेस करून ठेवा, कॉम्प्रेस्ड बोलण्याला ठीक आहे, पेटी आणि टाळांना कमी पडतं.

सप्ताहातल्या कीर्तनाचा दोन तासांचा व्हिडिओ फोनवर घेतलाय, काही जीबी आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसांना नुसता ऑडिओ द्यायचाय, साध्या स्पीकरवर मेमरी कार्डने वाजेल असा. – पंढरपूरजवळून

कॉम्प्युटरवर व्हीएलसी घ्या. मीडियाच्या मेनूत कन्व्हर्ट/सेव्ह आहे, व्हिडिओ निवडा, प्रोफाइल ऑडिओ एमपीथ्री, फाइलचं नाव द्या, स्टार्ट. दोन तास १२८ ला साधारण ११५ एमबी होतात, ६४ ला त्याच्या निम्मे. नुसतं प्रवचन असतं तर मी ६४ मोनो म्हटलं असतं, पण कीर्तनात मृदंग आणि टाळ आहेत, टाळ कमी बिटरेटवर पत्र्यासारखे किणकिणतात, तर १२८ च ठेवा. दोन तासांची एकच फाइल देऊ नका, त्या साध्या स्पीकरला पुढे ढकलता येत नाही आणि लाइट गेली की पहिल्यापासून. निदान दोन भाग करा, अजून लहान केले तर अजून बरं. फाइलची नावं मराठीत दिली तर काही स्पीकर गोंधळतात, ०१, ०२ एवढंच द्या. आणि महाराजांना विचारून द्या, बहुतेक हो म्हणतात पण विचारलेलं बरं.

ऑनलाइन कन्व्हर्टर साइटचं बऱ्याच जणांनी विचारलंय. कीर्तन टाकायला हरकत नाही, पण घरातली भांडणं, डॉक्टरांशी बोलणं, बँकेचे कॉल असलं काही परक्या सर्व्हरवर चढवू नका, तिथे त्याचं काय होतं ते आपल्याला दिसत नाही.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये मला धमकी दिली, ते फोनमध्ये रेकॉर्ड आहे. तक्रार करायचीय. नको तो भाग कापून, आवाज वाढवून एमपीथ्री दिली तर चालेल का? – पुणे

अजिबात कापू नका. वकिलांना भेटाच, पण तोपर्यंत एवढं कराल तर बरं. मूळ फाइल ज्या फोनमध्ये आहे तो फोन विकू नका, रीसेट करू नका, एक्स्चेंजमध्ये देऊ नका. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्यातल्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत सर्टिफिकेट द्यावं लागतं आणि त्यात फाइलची हॅश व्हॅल्यूही असते. (आधीच्या कायद्यातलं ६५बी म्हणायचे ते.) हॅश म्हणजे फाइलवरून काढलेला एक लांबलचक आकडा. फाइल एक सेकंद जरी कापली, किंवा नुसती एमपीथ्री केली, की तो पूर्ण बदलतो, आणि मग समोरचा वकील पहिला प्रश्न तोच विचारणार की कापलंत तर काय काय कापलंत. पोलिसांना पटकन ऐकवायला म्हणून आवाज वाढवलेली वेगळी कॉपी करा हवं तर, पण तिच्या नावातच "ऐकण्यासाठी कॉपी" लिहा, आणि मूळ फाइल व्हॉट्सअ‍ॅपवर ऑडिओ म्हणून फिरवू नका, तिथे नाव आणि तारीख बदलते, केबलने पेन ड्राइव्हवर उतरवा.

मुलीचं पहिलं "बाबा" रिंगटोन करायचंय. – मस्कत

वा! अँड्रॉइड असेल तर कापलेली एमपीथ्री रिंगटोन्स नावाच्या फोल्डरमध्ये टाका, सेटिंग्जमध्ये दिसेल. आयफोन असेल तर गॅरेजबँड अ‍ॅपमधून करता येतं, ३० सेकंदांच्या आत. नुसतं एक "बाबा" एका सेकंदात संपेल, तर चार-पाचदा कॉपी पेस्ट करा, मध्ये थोडी जागा सोडून. ऑफिसमध्ये व्हायब्रेटवर ठेवा म्हणजे झालं.