माकडांच्या प्रयोगशाळेत यायचं म्हणताय, तर

अमेरिकेत रेशस माकडांवर काम करणाऱ्या इम्युनॉलॉजीच्या, म्हणजे रोगप्रतिकारशक्तीच्या अभ्यासाच्या, प्रयोगशाळेत पोस्टडॉक (पीएचडीनंतरची संशोधनाची जागा) मिळतेय, बायको-मुलीला घेऊन यावं का, असं तुम्ही विचारलंय. व्हिसाचं त्यांचं ऑफिस सांगेलच.

ते सांगणार नाहीत ती कटकट टीबीच्या तपासणीची. आपल्यापासून माकडांना टीबी होतो, म्हणून तपासणीशिवाय आत सोडत नाहीत. लहानपणी टीबीची बीसीजी लस घेतलेल्यांची त्वचेवरची चाचणी टीबी नसतानाही पॉझिटिव्ह येऊ शकते. माझी आली. मग एक्स-रे, पुन्हा फॉर्म, पुन्हा तेच प्रश्न, आणि समोरच्याच्या नजरेत मी रोगी! तुम्ही थेट इग्रा ही रक्तचाचणी मागा, तिच्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. गोवरच्या लशीचे कागदही शोधून ठेवा.

माकडांमध्ये असणाऱ्या बी विषाणूबद्दल बायकोला आधीच सांगा. रेशसला त्याचा सहसा फारसा त्रास नसतो, माणसाच्या मेंदूत पोचला तर जीवावर बेततं. चावा, ओरखडा, डोळ्यात उडालेला थेंब, काहीही झालं तरी लगेच 15 मिनिटं धुवायचं.

एकटेपणाचं फार मनावर घेऊ नका, माणसं मिळतात. आपलं काम मोकळेपणी बोलायला जागा मिळत नाही. शाळेत आईवडिलांच्या कामाविषयी सांगताना माझ्या मुलीने ‘बाबा माकडांवर लस तपासतात’ म्हटलं, तर शिक्षिकेने तिला मध्येच खाली बसवलं. ते अजून सलतं. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात बीसीजी शिरेतून दिल्यावर 10 पैकी 9 रेशसना टीबीपासून भक्कम संरक्षण मिळालं, हे तिला सांगता आलं असतं. पण फुफ्फुसातल्या गाठी मोजायला शेवटी त्या माकडांना मारावं लागतं, हेही तिने विचारलं असतंच. सुई टोचून घ्यायला शिकवलेलं जनावर आपणहून पाय जाळीशी आणतं. मला ते आजही सहज बघवत नाही, आणि तरीही हे काम व्हायलाच हवं असं मी मानतो.

आणखी एक. माकडांच्या नोंदींमध्ये ‘इंडियन ओरिजिन’ असं लिहिलेलं दिसेल. भारताने 1978 मध्ये निर्यात बंद केली, ही इथेच जन्मलेली पिढी. एसआयव्हीच्या, म्हणजे माकडांमधल्या एचआयव्हीसारख्या विषाणूच्या, अभ्यासात ती नोंद लागते, कारण चिनी मूळच्या रेशसपेक्षा यांच्यात आजार सहसा लवकर बळावतो. माझ्या मुलीच्या शाळेच्या फॉर्मवरही मूळ विचारतात. तीही इथलीच.

घेऊन या दोघींना. फक्त होकार देण्याआधी प्रयोगशाळेला विचारा: जनावरं जोडीने ठेवता का, आणि प्रयोग कधी थांबवायचा हे कोण ठरवतं. उत्तर द्यायला टाळाटाळ केली तर दुसरी जागा बघा.