पोत्यावरचं प्रथिन आणि कोंबडीला पचणारं प्रथिन

१०० गावरान कोंबड्यांना घरच्या मक्यात सुकट कुटून घालतो. शिट पातळ पडते, खालचं तूस कायम ओलं. औषध देऊनही फरक नाही. (खानापूर)

आधी सुकटातलं मीठ बघा. खारवून वाळवलेल्या मासळीत १५ टक्के मीठ असलं आणि १०० किलो खाद्यात ५ किलो सुकट घातलं, तर पाऊण किलो मीठ तिथेच गेलं. तेवढ्या खाद्यात कोंबडीची गरज सगळं धरून ३०० ते ४०० ग्रॅम. जास्तीच्या मिठामुळे ती पाणी ढोसते आणि शिट पातळ होते. त्यामुळे वरून मीठ घालायचं बंद करा, सुकट २ किलोवर आणा, प्यायचं पाणी मात्र क्षणभरही तुटू देऊ नका. पाणी तुटलं तर पिल्लं मिठानेच मरतात.

सुकटात वाळू आहे का ते तपासायला त्याची चमचाभर भुकटी ग्लासभर पाण्यात ढवळा आणि तळाशी बसलेलं बोटांत चोळा. हाडाचा चुरा नखाने चिरडतो, वाळू करकरते. खानापूरच्या पावसात महिनाभराहून जास्त साठा करू नका. मासळीची चरबी खवट झाली की खाद्यातलं ई जीवनसत्त्व नासतं. मग पिल्लं मान मागे टाकून तोल जाऊन पडतात आणि पाय झाडत राहतात.

६० टक्के प्रथिनांचं फिश मील स्वस्तात मिळतंय. रिपोर्टही आहे. घ्यावं का? (निपाणी)

त्या रिपोर्टवर भिस्त ठेवू नका. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि ६.२५ ने गुणते. युरियात ४६ टक्के नत्र, म्हणजे कागदावर २८७ टक्के प्रथिन! क्विंटलभर मालात ५ किलो युरिया मिसळला की आकडा साधारण १४ ने फुगतो. कोंबडीला त्यातलं काहीच लागू पडत नाही.

घरी तपासायचं तर दोन ग्लासांत कोमट पाणी घेऊन प्रत्येकात चमचाभर नमुना ढवळा. एकात अर्धा चमचा कच्च्या सोयाबीनचं पीठ घाला. भाजलेलं नको आणि पेंडही नको, कारण उष्णतेने त्यातलं युरिया फोडणारं विकर मरतं. दोन्ही झाकून १० मिनिटांनी वास घ्या. सोयाबीनच्या ग्लासातच अमोनियाचा झणका आला तर युरिया आहे. दुसरा ग्लास हवाच, कारण शिळ्या मासळीलाही तसा वास असतो. रिपोर्ट मागायचाच, तर खऱ्या प्रथिनाचा, लायसिन-मिथिओनिन या अमिनो आम्लांचा (प्रथिनाच्या घटकांचा) आणि पचनीयतेचा मागा.

लेयरच्या (अंड्यावरच्या कोंबडीच्या) खाद्यात मांस-हाडांची भुकटी घालायची आहे. सोया पेंड बंद करता येईल का? (चिकोडी)

बंद करू नका. मक्यात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल कमी आणि या भुकटीतही कमी. ती उणीव सोया पेंडच भरून काढते. भुकटी १०० किलोत ५ किलोपर्यंत ठेवा. ४८ टक्के प्रथिनांचा माल असेल तर तेवढ्याने ५ किलोच्या आसपास पेंड वाचते.

बहुतेकांचं चुकतं ते पुढे. भुकटीत साधारण १० टक्के कॅल्शियम आणि ५ टक्के स्फुरद असतं. ५ किलोतून पाव किलो स्फुरद आलं, म्हणजे सुमारे १.४ किलो डीसीपीचं (डायकॅल्शियम फॉस्फेट, खाद्यात घालायची स्फुरद-कॅल्शियमची पूड) काम झालं. तेवढं डीसीपी काढा, नाहीतर जादा स्फुरदाने अंड्याचं कवच पातळ पडतं. चुनखडी मात्र फार तर अर्धा किलो कमी करा, कारण डीसीपीबरोबर त्यातलं कॅल्शियमही गेलेलं असतं.

चिकनच्या दुकानातली पिसं उकळून घालता येतील का? (बेळगाव)

नाही. पिसांत ८० टक्क्यांवर प्रथिन असलं तरी ते केराटिन; त्यातले गंधकाचे बंध साध्या उकळीने तुटत नाहीत, बंद भांड्यात दाबाखालची वाफ लागते. तशी कारखान्यात केलेली भुकटीसुद्धा २-३ टक्क्यांपुढे नको, कारण लायसिन आणि मिथिओनिन दोन्ही तोकडे. दुकानातली कच्ची आतडी तर साल्मोनेलाचे रोगजंतूच घेऊन येतात.

उरलेलं कोंबडीखाद्य म्हशीला चालेल? (हुक्केरी)

मांस-हाडांची भुकटी असलेलं अजिबात नको. १९८६ मध्ये ब्रिटनमध्ये ओळखला गेलेला गाईंचा मेंदूरोग अशाच खाद्यातून पसरला. आपल्याकडेही दुभत्या जनावरांना ते देण्यास एफएसएसएआयची (केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे. गोठ्यातलं घमेलं आणि खुराड्यातलं घमेलं वेगळंच ठेवा.